17 सप्टेंबर आणि छापला न गेलेला अहवाल

(गोंदिया येथे तरुणांसमोर केलेलं भाषण)



आज मला हैदराबाद संस्थानातल्या 1948 च्या पोलीस कारवाईबद्दल बोलायचं आहे. गोंदियात हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. तेव्हा गोंदिया मध्य प्रांत व वऱ्हाडातल्या भंडारा जिल्ह्यात होतं. निजामाचं राज्य इथं नव्हतं. पण दरवर्षी 17 सप्टेंबर जवळ आला की मोबाइलवरचे मेसेज तिरोडा, आमगाव, देवरीपर्यंत पोचतात. ज्याच्या आजोबांनी हैदराबाद कधी पाहिलंही नाही, अशा पोरालाही भांडणात 'रझाकार' म्हटलं जातं. यावर उत्तर काय द्यायचं, असं मला तरुण विचारतात. माझं म्हणणं एवढंच की इतिहास पूर्ण माहीत करून घ्या, आणि सांगताना पूर्णच सांगा.

सुरुवात आपल्याला अवघड वाटणाऱ्या भागापासून करू. कासिम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या रझाकार संघटनेने गावं लुटली, घरं जाळली, माणसं मारली. बिदर जिल्ह्यातलं गोरटा आणि तेलंगणातलं बैरानपल्ली या गावांनी ते भोगलं. हजारो हिंदू कुटुंबं संस्थान सोडून बाहेर पडली. हे खोटं नाही, आणि त्याला 'पण' जोडून लहान करायचं नाही. त्याच काळात 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध आणि भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहिलं. ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनी त्यांचा खून केला. रझाकार म्हणजे सगळे मुसलमान असं कुणी म्हणालं, तर त्याला शोएबुल्ला खान हे नाव सांगा.

आता दुसरा भाग. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय लष्कर संस्थानात शिरलं. 17 तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवली. लढाई पाच दिवसांत आटोपली, पण माणसं मरायची थांबली नाहीत. त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यात आणि आजच्या कर्नाटकातल्या भागात मुसलमानांची मोठी कत्तल झाली. ज्यांनी कधी हातात काठी धरली नव्हती, असे शेतमजूर, विणकर, दुकानदार त्यात मारले गेले.

हे कुणा विरोधकाने लिहिलेलं नाही. पंतप्रधान नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांचं पथक पाहणीसाठी पाठवलं होतं. 29 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 1948 या काळात हे पथक संस्थानातल्या 16 पैकी 9 जिल्ह्यांत फिरलं. जिथं जाता आलं नाही अशा 109 गावांतल्या 500 हून अधिक लोकांशी त्यांनी बोलणं केलं. त्यांचा अंदाज असा, की पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतर संस्थानात किमान 27 हजार ते 40 हजार माणसं मेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांची स्थिती सर्वांत वाईट होती. लातुरात वीस दिवसांहून अधिक काळ मारणं चालू होतं. तिथल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी पथकाला जेमतेम तीन हजार उरलेले दिसले. काही मारले गेले, बाकीचे पळून गेले.

बहुतेक ठिकाणी मारणारे जमावातले होते. पण या पथकाने सैनिकांबद्दलही लिहिलं. काही ठिकाणी जवानांनी जमावाला लुटीसाठी चिथावलं, आणि काही गावांत मुसलमान पुरुषांना बाहेर काढून थंडपणे ठार केलं, असं त्यांनी नोंदवलं. त्याच लोकांनी हेही नोंदवलं की काही ठिकाणी लष्कर नीट वागलं आणि त्याने मुसलमानांचं रक्षण केलं. हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुस्लीम कुटुंबं वाचवली. हिंदू विणकर मुस्लीम विणकरांसाठी उभे राहिले. पळवून नेलेल्या बायकांना परत आणायला हिंदूंनी मदत केली. हे सगळं एकाच अहवालात आहे.

आणि सरकारने हा अहवाल छापला नाही. अनेक दशकं तो सर्वसामान्य माणसाच्या हाती आला नाही. याचा परिणाम आपण आजही भोगतो आहोत. एका घरात फक्त रझाकारांच्या आठवणी सांगितल्या जातात, दुसऱ्या घरात फक्त विहिरीत टाकलेल्या प्रेतांच्या. दोन्ही घरं खरं बोलतात, आणि दोन्ही घरांकडे अर्धंच असतं. एकाही जवानावर, एकाही दंगेखोरावर त्या काळात नीट खटला चालला असता, तर आज कुणाच्या नातवाला कुणाच्या आजोबाचा हिशोब द्यावा लागला नसता. गुन्हा करणाऱ्याचं नाव कागदावर आलं नाही की तो गुन्हा पूर्ण समाजाच्या नावावर चढतो. हे मुसलमानांच्या बाबतीत झालं, आणि हिंदूंच्या बाबतीतही झालं.

कागदावर नाव आलं की काय होतं, त्याचंही उदाहरण आपल्याच देशात आहे. 22 मे 1987 ला मेरठच्या हाशिमपुरा मोहल्ल्यातून उत्तर प्रदेशच्या पीएसी या सशस्त्र दलाच्या जवानांनी चाळीसहून अधिक मुसलमान पुरुषांना ट्रकमध्ये भरून नेलं, आणि गंगा कालव्याच्या आणि हिंडन नदीच्या काठी गोळ्या घातल्या. काहीजण वाचले आणि त्यांनी साक्ष दिली. गाझियाबादचे पोलीस अधीक्षक विभूती नारायण राय यांनी गुन्हा दाखल करून घेतला. छायाचित्रकार प्रवीण जैन यांचे फोटो होते. घरच्यांनी वर्षानुवर्षं कोर्टाच्या चकरा मारल्या. 2015 मध्ये खालच्या कोर्टाने 16 आरोपींना सोडलं. 31 ऑक्टोबर 2018 ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना जन्मठेप दिली. न्यायाला एकतीस वर्षं लागली, हा अन्यायच आहे. पण तिथं साक्षीदार होते, फोटो होते, पोलिसांच्या दैनंदिनीतल्या नोंदी होत्या, म्हणून निदान निकाल लागला. लातूरच्या मृतांसाठी यातलं काहीच जपलं गेलं नाही.

आपल्या महाराष्ट्रातही 1992-93 च्या मुंबई दंगलीत सुलेमान बेकरी आणि हरी मशीद इथल्या पोलीस गोळीबाराची नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली. तो अहवाल 1998 मध्ये विधिमंडळासमोर आला. शिक्षा फार थोड्यांना झाली, पण अहवाल निदान लोकांच्या हाती आहे.

म्हणून तुम्हाला तीन गोष्टी सांगतो. एक, कायदा माहीत करून घ्या. जमाव पांगवायला फौज बोलावली तरी कमीत कमी बळ वापरावं, असं आपला फौजदारी कायदा सांगतो. पोलीस चकमकीत मृत्यू झाला तर काय करायचं, याचे नियम सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात घालून दिले. गुन्हा नोंदवणं, स्वतंत्र तपास आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी हे त्यात आहे. दोन, नोंद ठेवा. एफआयआरची प्रत, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल मागून घ्या. कुणाची साक्ष लिहून घेताना त्याने डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं लिहा आणि ऐकलेलं वेगळं. तीन, मेलेला कुठल्या धर्माचा होता हे पाहून आवाज चढवू किंवा खाली करू नका. देवरी-सालेकसा भागात नक्षलवाद्यांनी मारलेला पोलीस असो, की वर्दीतल्या माणसाच्या गोळीने मेलेला आदिवासी असो, दोघांच्याही घरी आई असते.

सूरह अन-निसामध्ये साक्ष स्वतःविरुद्ध किंवा आई-वडिलांविरुद्ध गेली तरी न्यायाने देण्याची ताकीद आहे. 17 सप्टेंबरला झेंडा वंदन करा. निजामशाही गेली, हे चांगलंच झालं. आणि त्याच दिवशी शोएबुल्ला खान यांचं नाव घ्या, गोरट्याच्या मृतांना आठवा, लातूरच्या मृतांनाही आठवा. कुणी विचारलं की तू कोणाच्या बाजूचा, तर सांगा की मी मारल्या गेलेल्यांच्या बाजूचा.