इच्छेविरुद्ध उपचार : कायदा, रुग्णालय आणि घर



ग्वाल्हेर, लष्कर आणि मुरार ही या नगरीची तीन जुनी अंगे. चौथे अंग अलीकडचे, सिटी सेंटर. कचेऱ्या, दुकाने आणि खासगी दवाखाने यांनी गजबजलेल्या या भागातच मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाची इमारत आहे. आजच्या विषयाशी तिचा संबंध सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. एखाद्या माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध मनोरुग्णालयात ठेवण्यात आले आणि त्याबाबत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाने दिलेला निर्णय कोणाला मान्य नसला, तर तीस दिवसांच्या आत उच्च न्यायालयाकडे अपील करता येते. ग्वाल्हेरच्या माणसाची ही शेवटची पायरी सिटी सेंटरमध्ये आहे. तिथवर जाणारे फार थोडे, कारण पहिल्याच पायरीवर काय घडते आणि काय घडावयास हवे, याची माहिती घराघरांत नाही.

मराठी माणसाच्या थट्टेत 'ठाण्याला पाठवा' किंवा 'येरवड्याला पाठवा' हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहेत. उत्तरेत त्याच जागी आग्रा येते. ग्वाल्हेरच्या मराठी घरांना दोन्हींचा वारसा मिळाला; वस्तुतः त्यांच्या स्वतःच्या गावात मानसिक आरोग्यशाळा होती आणि आहे. थट्टेचा विषय झालेल्या जागेची दुःस्थिती कोणी पाहावयास जात नाही, हे त्या थट्टेचे खरे मोल. ग्वाल्हेरच्या आरोग्यशाळेची अवस्था पाहण्यास अखेर सर्वोच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. न्यायालयाच्या विधी-साहाय्य समितीने नेलेल्या प्रकरणात १९९४ साली सुधारणेचे आदेश झाले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रांची, आग्रा व ग्वाल्हेर या तीन आरोग्यशाळांच्या कारभारावर देखरेख ठेवण्याचे काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपविण्यात आले.

जुना कायदा १९१२ चा. त्याच्या नावातच वेडेपणाचा उल्लेख होता आणि त्याची दृष्टी समाजाचे वेड्यांपासून रक्षण करण्याची होती. रुग्णालयाची वाट बहुधा दंडाधिकाऱ्याच्या हुकमातून जाई. १९८७ चा कायदा १ एप्रिल १९९३ पासून अमलात आला. त्याने नातलगाच्या किंवा मित्राच्या अर्जावर, दोन वैद्यकीय दाखल्यांच्या आधारे, नव्वद दिवसांपर्यंत दाखल करण्याची सोय ठेवली. दंडाधिकारी बराचसा बाजूला झाला. परंतु ज्याला दाखल करावयाचे, त्याचे म्हणणे कोणी विचारावे अशी निकड त्यात फारशी नव्हती.

याच्या जोडीला फौजदारी कायदा उभा होता. भारतीय दंड संहितेच्या ३०९ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न हाच गुन्हा ठरविला होता. रस्त्यावरील अपघातानंतर मानसिक आजार जडलेल्या मुंबईच्या एका पोलीस शिपायाने महानगरपालिकेच्या कचेरीत जीव देण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याच्यावर खटलाच भरण्यात आला. मारुती श्रीपती दुबळ विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने ते प्रकरण प्रसिद्ध आहे. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ग्यान कौर प्रकरणात ते पुन्हा वैध ठरविले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मात्र असे गृहीत धरले की प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली असतो. त्याच्यावर खटला चालू नये, त्याची शुश्रूषा व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम उरले नाही. तरीही गुन्ह्याची ती सावली घरांतून अजून हललेली नाही. पोलिसांचे लचांड नको म्हणून प्रयत्नाला 'अपघात' म्हणावयाचे, आणि अपघात म्हटला की मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्याचे कारणच उरत नाही.

२०१७ चा हा अधिनियम २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचे ८९ वे कलम आजच्या विषयाचा गाभा होय. समजा, लष्करातील एखाद्या घरातला तरुण मुलगा कित्येक दिवस जेवत नाही, झोपत नाही, 'मी नसलो तर तुम्ही सुटाल' असे बहिणीजवळ बोलतो आणि डॉक्टरचे नाव काढताच खोलीचे दार लावून घेतो. त्याला इच्छेविरुद्ध दाखल करता येईल काय? येईल, परंतु कायदा आधी प्रश्न विचारतो. आजार तीव्र आहे काय? त्याने अलीकडे स्वतःला इजा करण्याची धमकी दिली अथवा प्रयत्न केला काय? की तो दुसऱ्यावर हिंसक झाला, किंवा स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ होऊन धोक्यात सापडला? याहून कमी निर्बंधाचा उपाय नाही काय? अर्ज त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने करावयाचा. कोणाला नेमले नसेल तर नातलगाकडे ते काम येते. दोन तज्ज्ञांनी, त्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ, त्याला स्वतंत्रपणे तपासले पाहिजे, आणि तेही त्याच दिवशी अथवा आधीच्या सात दिवसांत. मुदत जास्तीत जास्त तीस दिवस. मंडळाला सात दिवसांत कळवावयाचे, रुग्ण स्त्री वा अल्पवयीन असल्यास तीन दिवसांत. दर सात दिवसांनी पाहावयाचे की आता त्याला आपला निर्णय आपण घेता येतो काय. त्याला स्वतःला मंडळाकडे दाद मागता येते. तीस दिवसांनंतरही ठेवणे भाग असेल तर दोन मनोविकारतज्ज्ञांचे मत आणि मंडळाची संमती हवी.

यातील 'अलीकडे' हा शब्द महत्त्वाचा. दहा वर्षांपूर्वी उपचार घेतले होते एवढ्यावरून आज कोणी आजारी ठरत नाही. घरातला तंटा, जातीबाहेरचे लग्न, रूढ श्रद्धा न मानणे हीदेखील आजाराची लक्षणे नव्हेत, असे कायद्याने स्पष्टच म्हटले आहे. वाटणीच्या भांडणात भावाला 'वेडा' ठरविणाऱ्यांसाठी हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापून लावावयास हरकत नाही.

प्रत्यक्ष संकटाच्या घडीला मात्र दोन तज्ज्ञांची वाट पाहणे अशक्य असते. अशा वेळी जीव वाचविण्यासाठी अथवा गंभीर इजा टाळण्यासाठी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर बहात्तर तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो; प्रतिनिधी हजर असल्यास त्याची संमती घ्यावयाची. विजेचे उपचार या सबबीखाली देता येत नाहीत. स्वतःला धोका असलेला माणूस रस्त्यावर आढळला तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत पोहोचवावयाचे असते. पोलीस कोठडीत ठेवण्यास मनाई आहे.

या व्यवस्थेवर दोन्ही बाजूंनी टीका होते. डॉक्टर म्हणतात, कागद फार आणि मंडळे अनेक राज्यांत वेळेवर स्थापनच झाली नाहीत. ही तक्रार खरी आहे. दुसरी बाजू अधिक खोल जाते. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. त्या कराराची समिती असे मानते की मानसिक आजाराच्या कारणाने सक्तीचे उपचार करणेच मुळी गैर आहे. सक्ती अनुभवलेली माणसे पुढे मदत मागण्यासच भितात. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. तरीही आत्मघाताची ऊर्मी पुष्कळदा लाटेसारखी येते आणि ओसरते, हेही तितकेच खरे. लाट अंगावर असताना माणसाचा 'नको' हा शब्द त्याच्या आयुष्यभराच्या इच्छेचा उच्चार मानावा काय? थोड्या दिवसांची, हिशेब द्यावा लागणारी सक्ती समर्थनीय ठरते ती येथे. तिने विकत मिळतात ते काही दिवस, बरे होणे त्यात आपोआप येत नाही. त्या दिवसांचे काय करावयाचे, हे पुष्कळसे घराच्या हाती असते.

आणि घर बहुधा पहिली फसवणूक येथेच करते. 'मावशीकडे जाऊन येऊ', 'तुझ्या पोटदुखीची तपासणी आहे', असे सांगून गाडीत बसवायचे आणि फाटक बंद झाले की निघून यायचे. हेतू मायेचा असतो, परंतु ज्याचा जगावरचा विश्वास आधीच उडालेला असतो, त्याचा आता आईवरचाही उडतो. त्याऐवजी खरे बोलावे. 'तुझ्या जिवाची भीती वाटते म्हणून नेत आहोत. तुला राग येईल हे कळते. उद्या चार वाजता भेटायला येऊ.' आणि चार वाजता जावे. 'मरण्याचे विचार येतात काय?' असे सरळ विचारल्याने तो विचार मनात पेरला जाईल, ही भीतीही निराधार आहे. उलट विचारणारा कोणी भेटला याने पुष्कळांना हायसे वाटते.

रुग्ण शांत असताना करता येण्याजोगी एक गोष्ट या कायद्याने दिली आहे. पुढे पुन्हा आजार बळावला तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत आणि प्रतिनिधी कोण, हे प्रौढ व्यक्तीला आधीच लिहून ठेवता येते. मृत्युपत्र करणाऱ्या घरांनाही हा कागद ठाऊक नसतो. तो असला तर पुढच्या वेळची सक्ती काही अंशी रुग्णाच्याच इच्छेने होते.

दुसरी चूक दाराच्या आतली नव्हे, बाहेरची. दाखल करताना धावपळ करणारी मंडळी रुग्ण बरा झाल्यावर न्यायला येत नाहीत. बऱ्या झालेल्या, तरी मनोरुग्णालयातच राहिलेल्या माणसांचा प्रश्न डॉ. हरीश शेट्टी यांनी जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे मांडला. घरी नेणारा नाही, एवढ्या एका कारणाने वर्षे जातात.

जे घरी येतात त्यांच्याबाबत वैद्यकशास्त्राचा एक निष्कर्ष अनेक देशांत पुनःपुन्हा आढळला आहे: रुग्णालयातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे. घराला मात्र नेमके तेव्हा सुटल्यासारखे वाटते. पाहुण्यांना 'हवापालटाला गेला होता' असे सांगितले जाते, आणि तो खोटेपणा त्यालाही मुकाट्याने सांभाळावा लागतो. खरे तर त्या आठवड्यांत पुढच्या तपासणीची तारीख निघण्यापूर्वीच ठरलेली असावी, औषधे एका जबाबदार माणसाच्या हाती असावीत, शेतघरी कीटकनाशके असतील तर ती कुलपात अथवा घराबाहेर जावीत. कामावर परतणे हळूहळू व्हावे. रुग्णालयाने सुटकेपूर्वी रुग्ण, प्रतिनिधी आणि पुढचा डॉक्टर यांच्याशी बोलून पुढील उपचारांची आखणी करावी, असेही कायद्यात आहे. नातलगांनी ती मागून घ्यावी.

रात्री-अपरात्री कोणाकडे जावे हे न सुचणाऱ्यांसाठी शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, विनामूल्य, अहोरात्र. रुग्णाने स्वतः बोलावे असे बंधन नाही. त्याच्या खोलीबाहेर बसलेल्या आईलाही तो लावता येतो. तेथे मराठीतूनही बोलता येते.