मॉन्टिसेलोची दफनभूमी

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मॉन्टिसेलोच्या टेकडीवर राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या घराण्याची खासगी दफनभूमी आहे. जेफरसन आणि डॅब्नी कार या बालमित्रांनी तिथल्या ओक वृक्षाखालीच विसावायचं ठरवलं होतं. पुढे मेहुणे झालेले कार १७७३ मध्ये वारले आणि पहिलं दफन त्यांचं झालं.

जेफरसन गेले ४ जुलै १८२६ रोजी. त्यांच्या स्तंभावर स्वातंत्र्याचा जाहीरनामा, धर्मस्वातंत्र्याचा कायदा आणि व्हर्जिनिया विद्यापीठ यांचा उल्लेख आहे, राष्ट्राध्यक्षपदाचा नाही! आठवण म्हणून लोकांनी त्याचे इतके टवके काढून नेले की नवा स्तंभ उभारावा लागला. जुना आता मिसुरी विद्यापीठात आहे.

१८३१ मध्ये इस्टेट विकली गेली, दफनभूमी मात्र घराण्याकडेच राहिली. इथे राबलेल्या गुलामांच्या चाळीसहून अधिक कबरींचा शोध मात्र थेट २००१ मध्ये लागला, हा उशीर खटकतो. घराण्याच्या दफनभूमीत वंशजांची दफनं आजही होतात.