७० मीटरचं पातं घाटात वळतं कसं?

(भागाचं लिखित रूप. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

गाडी चालवता चालवता ऐकत असाल तर आधी जरा बाजूला थांबा. आजचा विषय रस्त्याचाच आहे, आणि शेवटी एक गोष्ट थेट तुमच्या बाइकसाठी आहे.

आज बोलायचंय पवनचक्कीच्या पात्याबद्दल. ते फिरतं कसं, हे नाही. ते डोंगरावर पोचतं कसं, हे.

साताऱ्याहून सज्जनगड, ठोसेघर करत चाळकेवाडीच्या पठारावर गेलात की पवनचक्क्यांच्या रांगा दिसतात. तिथल्या जुन्या मशीन बऱ्याचशा ३५० किलोवॅटच्या. पात्यांच्या वर्तुळाचा व्यास साधारण ३३ मीटर, म्हणजे एक पातं १६ मीटरच्या आसपास. आता सुझलॉनची नवी एस-१४४ घ्या. व्यास १४४ मीटर. एक पातं साधारण ७० मीटर! बोइंग ७४७-४०० हे जंबो विमान नाकापासून शेपटीपर्यंत जेवढं लांब, जवळजवळ तेवढं. आणि हे सगळं एका तुकड्यात, रस्त्याने न्यायचं.

एवढं लांब कशाला? कारण पातं दुप्पट केलं की त्याने कापलेल्या वर्तुळाचं क्षेत्रफळ चौपट होतं. ३३ मीटरवरून १४४ वर गेलात, तर जवळजवळ १९ पट. जेवढं क्षेत्रफळ जास्त, तेवढा वारा जास्त हाती लागतो.

गंमत म्हणजे वजनाचा इथे फारसा प्रश्न नाही. एवढं पातं वीस-पंचवीस टनांच्या घरात असतं. तेवढा माल तर मल्टी-ॲक्सल ट्रक रोज नेतात. सगळी अडचण लांबीची. आपल्याकडे या धंद्यात अशा मालाला 'ओडीसी' म्हणतात, म्हणजे ओव्हर डायमेन्शनल कार्गो. नियमात बसत नाही, म्हणून त्याला वेगळी परवानगी लागते.

आता ट्रेलर बघू. याचा मधला बीम सेल्फी स्टिकसारखा असतो. एकात एक बसलेले पोलादी भाग, हवे तेवढे बाहेर ओढायचे आणि पिनने लॉक करायचे. पात्याचा जाड, गोल बुंधा पुढे केबिनच्या बाजूला, लोखंडी फ्रेमला बोल्टने घट्ट. मागची चाकं पात्याखाली बरीच मागे. आणि निमुळतं टोक त्याच्याही मागे, हवेत. माल उतरवला की ट्रेलर पुन्हा आखूड करायचा आणि रिकामा परत आणायचा.

सरळ रस्त्यावर हे सगळं ठीक. खरी परीक्षा वळणावर. इथे शाळेतला पायथागोरस कामाला येतो.

समजा, वळणावर ट्रेलरचं पुढचं टोक ५० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून चाललंय. मागची चाकं त्याच्यापासून ३० मीटर मागे आहेत आणि ती वळत नाहीत, नुसती फरफटत येतात. मग ती कुठल्या वर्तुळावरून जातील? पन्नासचा वर्ग वजा तीसचा वर्ग, त्याचं वर्गमूळ. ४०. म्हणजे मागची चाकं पुढच्यापेक्षा तब्बल १० मीटर आतून जाणार! आपला दोन लेनचा रस्ता साधारण ७ मीटर रुंद. म्हणजे ड्रायव्हर रस्त्यावर आणि मागची चाकं थेट चहाच्या टपरीत.

म्हणून मागच्या चाकांनाही स्टिअरिंग देतात. अवघड वळणावर एक माणूस हातात रिमोट घेऊन मागे चालत असतो आणि तो मागची चाकं वळवतो. पुढे ड्रायव्हर, मागे हा, मध्ये वॉकी-टॉकी. दोघांनी मिळून एकच गाडी चालवायची! त्यात वळायला सुरुवात झाली की पात्याचं मागचं टोक उलट्या बाजूला झुलतं. गाडी डावीकडे, टोक उजवीकडे.

खरं काम तर गाडी निघायच्या कितीतरी आधी सुरू होतं. आधी रूट सर्व्हे. प्रत्येक वळण, पूल, विजेची तार, कमान मोजायची. कुठला दुभाजक तोडून पुन्हा बांधावा लागेल, कुठला बोर्ड काढावा लागेल, कुणाच्या शेताच्या कोपऱ्यात मुरूम टाकावा लागेल, हे ठरवायचं. शेताचा तो कोपरा म्हणजे कुणाचं तरी पीक असतं. त्याच्याशी आधी नीट बोलणी झाली नाहीत, तर कागदावर सगळं बरोबर असूनही गाडी तिथेच उभी.

आणि घाट? त्यासाठी ब्लेड लिफ्टर नावाचं वाहन असतं. पात्याचा बुंधा त्यावर पकडायचा आणि पातं तिरपं वर उचलायचं. आडवी लांबी कमी झाली की हेअरपिन वळण निघतं, टोक झाडांच्या, घरांच्या वरून फिरतं. पण पातं बनवलंयच वारा पकडायला. उचललं की ते वारा पकडणारच. म्हणून चालण्याच्या वेगाने जायचं, आणि वारा वाढला की थांबायचं.

मग पातं दोन तुकड्यांत का नाही करत? करतात. जीईने सायप्रेस मालिकेत १५८ मीटर व्यासाच्या मशीनला दोन तुकड्यांचं पातं दिलं. पण जोड आला की वजन वाढतं, आणि सतत हेलकावे खाणाऱ्या पात्यात जोड ही नाजूक जागा. त्यामुळे अखंड पातंच अजून जास्त चालतं.

आता हे आपल्यासाठी महत्त्वाचं का? केंद्र सरकारचं रिपॉवरिंग धोरण २०२३ मध्ये नव्याने आलं. जुन्या, लहान पवनचक्क्या काढून त्याच जागी मोठ्या लावायच्या. कल्पना छान आहे, कारण सगळ्यात चांगला वारा जिथे होता तिथेच जुन्या मशीन उभ्या आहेत. पण त्या डोंगरावर आहेत, आणि तिथे जाणारे रस्ते १६ मीटरच्या पात्यांच्या काळातले. वारा कितीही असू दे, किती मोठी मशीन लागणार हे शेवटी घाटातलं सगळ्यात आवळ वळण ठरवतं.

आणि आता बाइकवाल्यांसाठी. अशी गाडी वळताना दिसली आणि आतल्या बाजूला मोकळी जागा दिसली, तर ती जागा मोकळी नाही! ते १० मीटर आठवा. मागची चाकं तिथूनच येणार आहेत. बाहेरच्या बाजूनेही नको, तिथे टोक झुलतंय. पायलट गाडी आणि ट्रेलर यांच्या मध्ये तर शिरूच नका. ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही, आणि दिसलात तरी एवढं धूड पटकन थांबत नाही.

दहा मिनिटं थांबा, व्हिडिओ काढा, आम्हालाही पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर जपून चालवा!