अंगावर गांधी उठतात तेव्हां

पंगतीहून परतलेल्या मुलाच्या अंगावर लाल गांधी उठल्या, कीं घरांतील वडील बाई आमसुलाचें पाणी लावतात आणि ‘पित्त उठलें’ असा निर्वाळा देतात. त्या थंड पाण्यानें खाज किंचित् शमते, हें खरें. परंतु यकृतांत तयार होणाऱ्या पित्तरसाचा या गांधींशीं कांहीं संबंध नाहीं. व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं १९०६ सालीं शरीराच्या अशा बदललेल्या प्रतिक्रियेला ‘ॲलर्जी’ हें नांव दिलें, आणि तेंच आज घरोघरीं रूढ झालें आहे.

या प्रतिक्रियेचें मर्म १९२१ सालीं ब्रेस्लौ या तेव्हांच्या जर्मन शहरांतील दोन डॉक्टरांनीं उघड केलें. त्यांपैकीं हाइन्ट्स क्युस्टनर यांना मासे सोसत नसत. कार्ल प्राउस्निट्स यांना माशांपासून कांहींच त्रास नव्हता. प्राउस्निट्स यांनीं क्युस्टनर यांच्या रक्तांतील पाणीदार अंश स्वतःच्या कातडींत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशीं त्याच जागीं माशांचा अर्क टोचला. थोड्याच वेळांत तेथें गांध उठली! म्हणजे उपद्रवाचें कारण क्युस्टनर यांच्या रक्तांत वावरणारें कांहीं द्रव्य होतें. त्या द्रव्याची ओळख पटावयास १९६६ साल उजाडावें लागलें. इशिझाका या जपानी दांपत्यानें तें शोधिलें; त्याला आज ‘आयजीई’ म्हणतात. कातडींतील विशिष्ट पेशींवर हें द्रव्य चिकटून बसतें, आणि नकोसा पदार्थ येतांच त्या पेशी हिस्टामीन सोडतात. खाज, सूज व गांधी हा त्याचाच परिणाम.

निदानाचा मुख्य आधार मात्र अजूनहि रोग्याची हकीकतच आहे. काय खाल्लें, किती वेळानें त्रास झाला, तोच पदार्थ पूर्वीं सोसला होता काय, हें नीट विचारिलें पाहिजे. अन्नामुळें उठणाऱ्या गांधी बहुधा कांहीं मिनिटांपासून दोन तासांच्या आंत दिसतात. लहान मुलांच्या अंगावर तर साध्या सर्दीतापांतहि गांधी उठतात, आणि आळ येतो तो बिचाऱ्या अंड्यावर!

हकीकतीवरून संशय आला, तर हातावर अर्काचा थेंब ठेवून तेथें बारीक सुई टोंचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनीं फुगवटा मोजतात. पण फुगवटा आला म्हणजे तो पदार्थ बाधतोच असें नव्हे. कित्येकांना तो खुशाल पचत असतो. असें असतां, चाचणीच्या लांबलचक यादीवरून वाढत्या मुलाचें दूध, अंडीं, गहूं व शेंगदाणे एकदम बंद करणें हा निव्वळ अविचार होय. शंका उरल्यास रुग्णालयांत डॉक्टरांच्या नजरेखालीं तो पदार्थ अल्प प्रमाणापासून चढत्या मात्रेनें खाऊं घालून पाहातात.

गाजरगवताची गोष्ट निराळी. १९५५ च्या सुमारास पुण्यांत प्रथम नजरेस आलेल्या या तणानें पुढें अनेकांची कातडी चिघळविली. ही ॲलर्जी सावकाश उमटते आणि तींत आयजीईचा हात नसतो. म्हणून तेथें सुईची चाचणी व्यर्थ. पाठीवर औषधी पट्टी दोन दिवस चिकटवून परीक्षा करावी लागते.

नुसत्या गांधींना हिस्टामीनविरोधी गोळी पुरते. परंतु गांधींबरोबर आवाज बसला, श्वास कोंडला, घेरी आली किंवा ओठ-जीभ सुजली, तर आमसूल आणि गोळी दोन्ही बाजूस ठेवावीं. त्या वेळीं मांडीच्या बाहेरील स्नायूंत ॲड्रेनलिनचें इंजेक्शन हाच पहिला उपाय होय, आणि त्याला झालेला उशीर प्राणावर बेतूं शकतो. रोग्याला उभें करूं नये, चालवूं नये. आडवें निजवून पाय उंच करावे. श्वास लागला असल्यास टेकून बसूं द्यावें. इंजेक्शननें बरें वाटलें तरी त्याला रुग्णालयांत न्यावेंच. कारण कांहीं तासांनीं तीच लक्षणें पुन्हा उसळूं शकतात.