चुकलेली पायरी खोडू नये

गणिताची भीती बुद्धी कमी असल्यामुळे येत नाही. ती बहुधा चुकण्याच्या धास्तीतून येते. उदाहरण सोडवताना हातचा, मागची पायरी आणि पुढची क्रिया एकाच वेळी ध्यानात धरावी लागते. मन धास्तीने व्यापले की येत असलेले उदाहरणही चुकते. मराठीत संख्यानामांचीही अडचण आहे. ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात, लिहिताना पाच आधी येतात. त्यामुळे लहान मुले ५३ चे ३५ करतात. ती चूक आळसाची नसते.

आकड्यांशी खेळू लागले की धास्ती ओसरते. द. रा. कापरेकर १९३० ते १९६२ या काळात देवळालीला शाळेत शिक्षक होते. त्यांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचे नवल जगापुढे ठेवले. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि उत्तरावर हेच पुन्हा करावे. उत्तर तीन अंकी आले तर आधी शून्य धरावे.

३५२४ घेतल्यास:
५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच. शिवाय यातल्या प्रत्येक उत्तराला नऊने भाग जातो. भाग गेला नाही, तर वजाबाकी चुकल्याचे मुलाला स्वतःलाच कळते. लाल शाईची वाट पाहावी लागत नाही.

आज ज्या शाळेत हा बक्षीस समारंभ होत आहे, तिच्या माजी विद्यार्थ्यांना इथला फळा अजून आठवतो. चुकलेले उदाहरण त्यावरून लगेच पुसले जात नसे. पाय कुठे घसरला ते सारा वर्ग शोधी, आणि खडू पुन्हा त्याच मुलाच्या हाती जाई. तीच सवय प्रत्येक वहीत उतरायला हवी. चुकलेली पायरी खोडू नये. तिच्याभोवती गोल करून शेजारी बरोबर पायरी लिहावी. खोडरबराने चूक दिसेनाशी होते, समजत नाही. समोर बसलेल्या पालकांनीही ‘किती पडले?’च्या आधी ‘कुठे अडले?’ असे विचारावे. आज बक्षीस न मिळालेल्या मुलांना या प्रश्नाची अधिक गरज आहे.

कापरेकरांच्या खेळातही मधली एखादी वजाबाकी चुकू शकते. चुकीच्या उत्तराचे सगळे अंक सारखे नसतील आणि पुढच्या पायऱ्या बरोबर केल्या, तर वाट बदलते. मुक्काम ६१७४ हाच राहतो.