रागावलेले गिऱ्हाईक
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या हदगावात घरी पापड, कुरडया, तिखट करून विकणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. त्यांच्यासाठी दोन शब्द बोलते.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. हाच पुढे ‘लिज्जत’ पापड झाला. आरंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत. एक चांगला, एक स्वस्त. छगनलाल पारेख यांनी बजावले, की पापड एकच करा आणि त्याची प्रत कधी उतरू देऊ नका. देणगी घ्यायची नाही, हेही ठरले होते. तेव्हा आधार उरला तो गिऱ्हाइकाच्या विश्वासाचा.

हा विश्वास तक्रारीच्या वेळी कसाला लागतो. “पापडाला वास येतो,” म्हणत कोणी तणतणत आली, तर तिच्याशी वाद घालू नये. तिला बसवावे, सारे ऐकून घ्यावे. तिच्याच पुड्यातला पापड तिच्यासमोर भाजून चाखावा. उणे निघाले तर पुडा बदलून द्यावा आणि चार दिवसांनी तिच्या घरी जाऊन विचारपूस करावी.

ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ साली झाला, २०१९ साली नवा आला. पण तक्रार आपल्या उंबऱ्यातच मिटावी, यात शोभा आहे.

रागावून आलेली बाई अजून आपली असते. मुकाट्याने दुसरीकडे गेली, तिला काय खटकले ते कधीच कळत नाही. आणि अशी चार घरे तुटली, की लाटणारीच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे अडतात.