शेताला दिवसाची वीज

निफाड-सिन्नरच्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षे बिबट्याची धास्ती मनात घेऊन रात्री पिकाला पाणी भरले. कारण शेतीच्या वाट्याला वीज पुष्कळदा रात्रीच येई. २०१७ साली राज्याने सुरू केलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे मर्म हेच: गावाजवळ सौर प्रकल्प, शेताला दिवसा वीज. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री येथे, महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ मध्येच उभा राहिला.

जगाची सौर क्षमता २०२२ साली एक हजार गिगावॅटवर गेली, २०२४ साली दोन हजारांवर. सूर्यास्तानंतरची उणीव बॅटरी भरून काढते. २०१० नंतर तिची किंमत सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरली. मात्र पॅनेल आणि बॅटरी, दोहोंच्या उत्पादनात तीन-चतुर्थांशांहून अधिक वाटा चीनचा आहे. ऊन देशाचे आणि यंत्र परक्याचे, याला स्वावलंबन म्हणता येणार नाही. तो पल्ला अजून गाठायचा आहे.